घुमट केव्हा बसतो

३ फेब्रुवारी

जावईबापूंना,

अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र एकट्याने वाचावे ही विनंती.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन दिवाणखान्यात आहे आणि फोनला लागून तुमच्या सासऱ्यांची खुर्ची आहे. त्या खुर्चीत ते सकाळी जे बसतात ते निवृत्त झाल्यापासून बसलेलेच आहेत.

काम असं की तुम्ही नेमकं काय करता ते मला चार ओळींत लिहून कळवा. परवा जिन्यात दंतवैद्यांच्या बायकोने विचारलं, "जावई काय करतात?" मी म्हटलं, संशोधन. "कशाचं?" म्हटलं, रबराचं. तर त्या लगेच म्हणाल्या, पायपुसणी मिळतील का आम्हाला? आता रोज विचारतात.

यांना विचारून उपयोग नाही. "मी जन्मभर पूल बांधले, एकही खाली बसू नये म्हणून जिवाचं रान केलं. हा मुद्दाम बसवतो आणि टाळ्या घेतो." इतकंच उत्तर. तुम्हाला कल्पना नसेल, पण मागच्या खेपेला जेवताना तुम्ही बोलून गेलात की उभ्या पुलापेक्षा पडलेला पूल जास्त शिकवतो. यांचे सगळे पूल उभे आहेत. म्हणजे आपण आयुष्यभर काही शिकलोच नाही, असा त्यांनी अर्थ काढला. त्यानंतर ते गप्प झाले आणि तुम्ही बिचारे मला दोनदा विचारत होतात, भाजीत मीठ कमी झालं का म्हणून.

लेकीला सांगा, माझा गुडघा आहे तसाच आहे.

सासूबाई

१२ फेब्रुवारी

ती. आई,

नमस्कार. मीठ बरोबर होतं तर. इतके महिने मी तुमच्या भाजीवर संशय घेतला, माफ करा.

चार ओळी मला जमत नाहीत, पण प्रयत्न करतो. मऊ रबराची एक मोठी वाटी उपडी घातली आहे असं समजा. म्हणजे घुमट. त्याला सगळीकडून ओळीने गोल भोकं. वर थोडं थोडं वजन ठेवत जायचं. बराच वेळ काही होत नाही. मग शेवटचं एवढंसं वजन ठेवलं की सगळा घुमट एकदम खाली. भोकं नसती तर एकाच जागी खळगा पडला असता, जुन्या चेंडूवर अंगठा दाबल्यावर पडतो तसा. भोकं असली की मधल्या पट्ट्या वाकतात, एक भोक आडवं मिटतं, शेजारचं उभं, आणि घुमट स्वतःभोवती थोडा वळत खाली येतो. वजन काढलं की पुन्हा जसाच्या तसा. मोडत काहीच नाही. अशा गोष्टींपासून यंत्राला मऊ हात करता येतात, पिकलेलं फळ न चेपता उचलणारे.

माझी अडचण एवढीच की तो केव्हा बसणार हे मला आधी सांगता आलं पाहिजे. मी गणित करतो, आणि तो दर वेळी गणिताच्या आधी बसतो. मे महिन्यात बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्यांच्यासमोर हे पटवता आलं नाही तर आमची प्रयोगशाळा बंद करून त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायचं ठरलं आहे. खुर्च्या आत्तापासूनच दाराबाहेर येऊन थांबल्या आहेत.

सोबत एक छोटा नमुना पाठवतो. तो किती वजनाला बसायला हवा ते तळाशी लिहिलं आहे. नारिंगी आहे. दंतवैद्यांच्या बाईंना दाखवा. त्यावर उभं मात्र राहू नका.

आपला जावई

१ मार्च

जावईबापू,

नमुना मिळाला. दंतवैद्यांच्या बाईंनी विचारलं, याने पाय पुसायचे कसे. मी विषय सोडून दिला.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे, आणि लेकीला लगेच सांगू नका. यांचं लक्षण मला ठीक दिसत नाही. तो घुमट मी फ्रिजवर ठेवला होता. यांनी पाहिला, एका बोटाने दाबला, "हूं" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी तो जागेवर नव्हता. मग घरातल्या वस्तू जायला लागल्या. शब्दकोशाचे खंड एकेक करून कपाटातून गेले. साखरेचा डबा गेला. इस्त्री गेली. माणसाला पुढची चाहूल लागली की तो आपल्या वस्तू वाटायला लागतो, असं माझ्या वाचनात आलं आहे. पण साखर कोणाला वाटली असेल?

दिवसभर मागच्या गॅलरीत दार लावून बसतात. खुर्ची रिकामी. मला दिवाणखान्यात जाववत नाही.

आणि काल तर कहर झाला. जेवताना माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुझं वजन किती गं?" लग्न झाल्यापासून माझ्याबद्दल त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. निरोपाची भाषा वाटली. मी काय ते सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

तुम्ही शास्त्रातले. काय असेल हे?

सासूबाई

४ मार्च

श्री. जावई यांस,

विषय: छिद्रयुक्त रबरी अर्धगोलाबाबत.

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की आपण पाठविलेल्या नमुन्यावर निम्नस्वाक्षरीकर्त्याने शब्दकोश, साखर व इस्त्री यांच्या साहाय्याने भार-चाचणी घेतली. नमुना अपेक्षित भाराच्या सुमारे एक दशांश कमी भारावरच खाली बसला. चाचणी पुन्हा पुन्हा घेतली. निकाल तोच. सबब, एकतर आपले गणित चुकीचे आहे, किंवा नमुन्याची जाडी सर्वत्र सारखी नाही. खुलासा करावा.

तसेच याहून मोठा, माणसाचा भार पेलणारा नमुना निरीक्षणासाठी पाठवावा. तो घरी न पाठवता तळमजल्यावरील दंतवैद्यांच्या पत्त्यावर पाठवावा.

या पत्रव्यवहाराची वाच्यता आपल्या सासूबाईंकडे करू नये. घरात या वस्तूबद्दल माझे मत काय आहे हे सर्वांना माहीत आहे, आणि ते तूर्त तसेच राहू द्यावे.

(सही)

१० मार्च

ती. बाबा,

नमस्कार. आपलं पत्र मी तीनदा वाचलं. तोच एक दशांशाचा फरक इथे मलाही येतो आणि त्याने माझी झोप उडवली आहे. जाडीबद्दल मात्र निश्चिंत असावं. ती सर्वत्र सारखीच आहे, साचा मी स्वतः केला आहे.

मोठा घुमट ओतायला घेतो. गणिताने तो किती भार पेलेल तेही त्यावर लिहून पाठवतो. वाच्यता करणार नाही.

आपला जावई

१० मार्च

ती. आई,

बाबांची काळजी करू नका. त्यांना काहीही झालेलं नाही. मला हे कसं माहीत, ते मात्र विचारू नका. मी शब्द दिला आहे. साखर सुखरूप असावी.

आपला जावई

२२ मार्च

जावईबापू,

तुमचं पत्र वाचून मी देवापुढे दिवा लावला. "शब्द दिला आहे" म्हणजे डॉक्टरांना की यांना? घरच्या बाईपासून लपवायचं म्हणजे तसंच काहीतरी मोठं असणार.

मी यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, "इथे दुखतं?" हे म्हणाले, "दुखत नाही, पण तुम्ही एकाच जागी दाबताय. चहूकडून सारखं दाबायला हवं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या, म्हणून डॉक्टर जास्तच गंभीर झाले आणि पथ्य लिहून दिलं. तेल नाही, तिखट नाही, गोड नाही, उकडलेलं सगळं. हे एका शब्दाने विरोध न करता खाताहेत. या माणसाने आयुष्यात उकडलेला भोपळा मुकाट्याने खाल्लेला नाही. सोबत म्हणून मीही तेच खाते आहे.

काय ते खरं कळवा. मी खंबीर आहे.

सासूबाई

३० मार्च

ती. आई,

माझ्या लिहिण्याने गैरसमज झाला. बाबांची प्रकृती ठणठणीत आहे. तुमच्या लेकीची शपथ घेऊन सांगतो, आणि हे लिहिताना ती शेजारी उभी राहून माझ्याकडे बघते आहे. पथ्य बंद केलंत तरी चालेल.

आपला जावई

९ एप्रिल

श्री. जावई यांस,

विषय: मोठा नमुना, चाचणी अहवाल.

नमुना दंतवैद्यांमार्फत पोहोचला. त्यांनी तो रुग्णांच्या खोलीत ठेवला होता, त्यामुळे त्यावर एका मुलाच्या चपलेचा ठसा आहे. चाचणीस बाधा नाही.

प्राथमिक भार म्हणून घरातच एक स्थिर, न डगमगणारे वजन उपलब्ध झाले. त्यावर शब्दकोशाचे खंड क्रमाने वाढविण्यात आले. गणितानुसार सर्व खंड पेलले जायला हवे होते. प्रत्यक्षात अर्ध्यातच नमुना बसला. फरक: पुन्हा सुमारे एक दशांश.

लहान नमुन्यात तोच फरक, मोठ्यात तोच फरक, आपल्याकडेही तोच फरक. सबब हा योगायोग नव्हे, नियम आहे. माझे मत असे की भोके मिटण्यास सुरुवात होताच घुमटाची ताकद एक दशांशाने घटते व आपल्या गणितात हे धरलेले नाही. धरावे.

ता. क. बसताना नमुना डावीकडे वळला. हे पाहण्यासारखे होते. पूल असे काही करत नाहीत.

(सही)

१० एप्रिल

जावईबापू,

सगळं कळलं. तुम्हा दोघांशी मी बोलणार नाही असं ठरवलं होतं, पण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परवा दुपारी यांनी मला गॅलरीत बोलावलं. तिथे नारिंगी, भोकाभोकाचं भलंमोठं काहीतरी. म्हणाले, "तुझ्या गुडघ्यासाठी नवीन बैठक आणली आहे. बस." मी विरघळले. बसले. अगदी छान वाटलं, खरं सांगते. मटार सोलायला घेतले. मग यांनी माझ्या मांडीवर शब्दकोशाचा एक खंड ठेवला. म्हटलं हे काय? "वाच जरा." थोड्या वेळाने दुसरा खंड. मग तिसरा. मी म्हटलं, अहो, मी अजून पहिल्याच अक्षरावर आहे. हे माझ्याकडे बघतच नव्हते. जमिनीवर आडवे झाले होते आणि माझ्याखालच्या भोकांकडे बघत होते.

चौथा खंड ठेवला आणि मी खाली गेले. पडले म्हणता येणार नाही. कोणीतरी हाताला धरून उतरवावं तशी उतरले, आणि उतरता उतरता फिरले. बसले तेव्हा माझं तोंड रस्त्याकडे होतं, खाली पोहोचले तेव्हा भिंतीकडे. मटार सगळीकडे. आणि हे जमिनीवरून ओरडले, "डावीकडे!"

इतका आनंद या माणसाच्या तोंडावर मी नातवंडाच्या वेळीही पाहिला नव्हता. मग सगळं भडभडा सांगितलं. पत्रं, दंतवैद्य, साखर. म्हटलं, मग पथ्य का खाल्लंत? म्हणाले, "जावयाच्या रबराशी खेळतो हे सांगण्यापेक्षा भोपळा बरा."

उद्यापासून घरात तेल परत येईल. तुम्हाला मात्र इतक्यात क्षमा नाही.

सासूबाई

१८ एप्रिल

ती. बाबा,

आपला अहवाल वाचून मी खुर्चीतून उठलो आणि बाहेरच्या खुर्च्यांना अडखळलो. तीन ठिकाणी तोच एक दशांश. मी हा फरक चूक समजून पुसत बसलो होतो, आपण त्यात नियम पाहिलात.

बारा मेला परीक्षकांसमोरच्या भाषणात मी तो आपल्या नावाने मांडणार आहे. विभागप्रमुखांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडे पुन्हा तपासले आणि म्हणाले, "हे कोणाला सुचलं?" मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांना. ते पूल बांधायचे. ते म्हणाले, "तरीच."

त्या दिवशी जेवताना मी जे बोललो ते अर्धवट होतं. आपले पूल का पडले नाहीत, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आता विचारायचं आहे. भाषणाला याल का?

आपला जावई

२५ एप्रिल

जावईबापू,

तुमचं पत्र यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. "तरीच" हा शब्द वेगळा पुन्हा एकदा. गळ्यापर्यंतचं बटण लावून आरशासमोर उभे होते. बारा तारखेला येणार म्हणतात.

आता मी जे लिहिते ते वाचून पत्र फाडून टाका. तो स्थिर, न डगमगणारा भार, ज्याच्यावर तुमचा नियम उभा आहे, तो म्हणजे मी. यांनी वजन विचारलं तेव्हा मी जे सांगितलं ते माझं लेकीच्या लग्नाच्या वेळचं होतं. खरं त्याहून आठ किलो जास्त आहे. इतक्या वर्षांनी प्रेमाने विचारलं म्हटल्यावर कोण खरं सांगेल?

मला गणितातलं कळत नाही, पण वजाबाकी येते. यांच्या अहवालातले आकडे घेऊन मी कागदावर करून पाहिली. माझे आठ किलो मिळवले तर तुमचा मोठा घुमट गणिताप्रमाणेच बसलेला आहे. यांचा नियम म्हणजे माझी लाज आहे, बाकी काही नाही.

यांना सांगायचं धाडस होत नाही. वजनाचं काही नाही हो. त्या "तरीच"चं काय करू?

सासूबाई

१ मे

ती. आई,

फाडलं नाही, पण लपवलं आहे.

तुमची वजाबाकी मी पुन्हा केली. बरोबर आहे. मोठा घुमट माझ्या गणिताने सांगितलं तिथेच बसला. पहिल्यांदाच. मग माझे छोटे घुमट का आधी बसतात? रात्रभर विचार करण्यापेक्षा मी सकाळी एक घुमट सुरीने कलिंगडासारखा फोडींत कापला. एका अंगाला तो पातळ आहे. माझा साचाच किंचित तिरका बसतो. मोठ्यासाठी साचा नवीन केला होता, तो सरळ होता. बाबांनी पहिल्याच पत्रात जाडीबद्दल विचारलं होतं आणि मी त्यांना ठसक्यात लिहिलं होतं, साचा मी स्वतः केला आहे म्हणून.

म्हणजे माझं गणित खरं आहे, पण बारा तारखेआधी दुसरा मोठा घुमट ओतून होणार नाही, आणि ते सिद्ध करणारी साऱ्या जगात एकच चाचणी आहे, तुमची. पण तुमच्या परवानगीशिवाय मी ती वापरणार नाही. एक दशांशाचा नियम भाषणातून काढतो आणि बाबांना काहीतरी कारण सांगतो. प्रयोगशाळेचं जे व्हायचं ते होईल. खुर्च्यांनाही जागा हवीच असते.

आपला जावई

६ मे

श्री. जावई यांस,

विषय: भारातील दुरुस्ती.

काल सायंकाळी आपल्या सासूबाई स्वतःहून मला डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. मला वाटले पुन्हा पथ्य. परंतु त्या सरळ वजनकाट्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "बघा, आणि काही बोलू नका." मी पाहिले. काही बोललो नाही. घरी येईपर्यंतही बोललो नाही. कारण मी मनात गणित करत होतो.

सबब, एक दशांशाचा नियम मागे घेण्यात येत आहे. आपले गणित बरोबर असून आपला साचा तिरका आहे. हे मी पूर्वीच सूचित केले होते, तथापि आत्ता तो मुद्दा नाही.

नियम गेल्याचे वाईट वाटले का, असे सासूबाईंनी विचारले. वाटले. परंतु चार खंड मांडीवर घेऊन ती तशी बसली होती आणि नंतर काट्यावर चढली, असे धैर्य मी पूल बांधणाऱ्या कुठल्याही माणसात पाहिलेले नाही. तिला मी तसे सांगितले. ती म्हणाली, "पुरे."

खरे वजन भाषणात सांगण्यास तिची हरकत नाही, मात्र किलोमध्ये सांगू नये.

अकरा तारखेस येत आहे. एकटाच. तिचा गुडघा प्रवास मानत नाही.

(सही)

२० मे

ती. आई,

बाबांनी फोनवर तुम्हाला फक्त "झालं" एवढंच सांगितलं, असं कळलं. म्हणून सविस्तर लिहितो.

मी तुमचा भार न्यूटनमध्ये सांगितला. आकडा सातशेच्या वर गेला. परीक्षकांपैकी एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "ही चाचणी कोणत्या यंत्रावर घेतली?" मी बोलायच्या आत मागच्या रांगेतून बाबा उठून म्हणाले, "माझ्या पत्नीवर." सभागृह हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी गॅलरी, शब्दकोश, चौथा खंड, डावीकडे वळणं, सगळं सांगितलं, आधी सांगितलेलं खोटं वजन आणि नंतरचं खरंही. मग साचा तिरका आहे हेही सांगितलं, ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं. त्या बाई म्हणाल्या, "आपली चूक शोधून सांगणारी प्रयोगशाळा आम्ही बंद करत नाही."

खोली राहिली. खुर्च्या गेल्या. एक मात्र बाबांनी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज माझ्याबरोबर प्रयोगशाळेत येतात. नवा साचा ते स्वतः पातळीयंत्राने सरळ करून घेतात आणि मला हात लावू देत नाहीत. परतीचं काही बोलत नाहीत. त्यांचे चार सदरे पाठवता का?

आपला जावई

८ जून

जावईबापू,

सदरे पाठवले, मिळाले असतीलच.

प्रयोगशाळेचं ऐकून बरं वाटलं. सातशेचं मात्र दंतवैद्यांच्या बायकोला कळलं आहे, आणि त्या जिन्यात मला वाट देताना जरा जास्तच भिंतीला चिकटतात.

घर निवांत आहे. पहिला आठवडा फार बरं वाटलं. हवं ते जेवले, हवं तेव्हा झोपले, रेडिओ मोठ्याने लावला. दुसऱ्या आठवड्यात रेडिओ लहान केला. आता लावतच नाही. काल चहा दोन कप झाला. दोन्ही मीच प्यायले.

ते तिथे आनंदात आहेत तर राहू देत. मी काही बोलवत नाही. फक्त कधी परतायचा विचार आहे एवढं सहज विचारून बघा. मी विचारायला सांगितलं असं अजिबात कळू देऊ नका. डोक्यावर बसतील.

सासूबाई

१३ जून

ती. आई,

तुमचं नाव न घेता विचारलं. दुपारी डबा खाताना, अगदी सहज. "बाबा, परतायचं कधी ठरवलंय?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तिने विचारायला सांगितलंय?"

मी म्हटलं, "छे, मीच आपलं."

"मग राहतो अजून," म्हणाले आणि जेवायला लागले. पण पुढचा घास काही घेईनात. डब्यात बघत बसले. दोन मिनिटं मी ते पाहिलं. मग मला राहवेना. म्हटलं, "हो. त्यांनीच सांगितलंय."

त्यांनी डब्याला झाकण लावलं, हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि विचारलं, "स्टेशनवरची तिकिटाची खिडकी किती वाजता बंद होते?"

रविवारी सकाळच्या गाडीने येताहेत. तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून कळवू नको असं मला बजावलं आहे. तेव्हा दार उघडल्यावर थोडं दचकून दाखवा.

आपला जावई